टेलरच्या दुकानातली कातरण फेकू नका! एका जुन्या धोतरावर उभी राहते पाच बाय सातची गोधडी

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर गावातल्या कुठल्याही टेलरच्या दुकानात डोकावून बघा. फळीवर गणवेशांचे ढीग आणि मशीनखाली कातरणीचा ढीग. निळी, खाकी, पांढरी, चौकटीची. कुणी बोटभर रुंद, कुणी वीतभर लांब. संध्याकाळी झाडू फिरतो, सगळं पोत्यात भरलं जातं आणि पोतं गावाबाहेर उकिरड्यावर जातं. कुणी पेटवून देतं. टेरिकॉट पेटलं की काळा धूर आणि नाकाला झोंबणारा वास, हे ज्याचं घर उकिरड्याजवळ आहे त्याला सांगायला नको.

सोलापूर शहर गणवेश शिवण्यासाठी देशभर ओळखलं जातं, चादर आणि टॉवेल तर आहेतच. म्हणजे आपल्या जिल्ह्यात कापडाच्या पट्ट्यांना तोटा नाही. तोटा आहे तो त्या पट्ट्यांचं करायचं काय हे माहीत असण्याचा. याच पट्ट्यांतून पाच फूट रुंद आणि सात फूट लांब अशी धडधाकट गोधडी कशी होते, ते आज सविस्तर बघू. आणि ती विकायची झाली तर किंमत किती सांगायची, हेही. कारण गोधडी शिवताना बायका चुकत नाहीत, किंमत सांगताना चुकतात.

गोधडी आपलीच, मग नवं काय?

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, आपल्याकडे घरोघरी होती. आजीचं विरलेलं लुगडं, आजोबांचं धोतर, एकावर एक थर घालायचे, वरून ठिगळं लावायची आणि धावदोरा घालत सुटायचं. ती गोधडी ऊबदार व्हायची कारण कापड सुती होतं आणि वापरून वापरून मऊ झालेलं असायचं. आता घरात नऊवारी नेसणारी एखादी म्हातारी असली तर असली. बाकी कपाटात बघितलं तर सगळ्या साड्या सिंथेटिक. त्या घसरतात, सुईत नीट येत नाहीत, अंगाला गरम होतात पण ऊब देत नाहीत. म्हणून बऱ्याच घरांत गोधडी शिवणं थांबलं आणि बाजारातून जाड ब्लँकेट आलं.

टेलरकडची कातरण इथं कामाला येते. पण तिची अडचण अशी की ती चौकोनी नसते. शर्टाची बाही कापली की राहिलेला तुकडा एका बाजूला निमुळता असतो. गळ्याजवळची पट्टी तिरकी कापलेली असते, ओढली की रबरासारखी लांबते. असल्या पट्ट्या नुसत्या एकमेकींना जोडत गेलात तर चार पट्ट्यांनंतर कापड एका बाजूला पळतं, मध्ये फुगतं आणि पहिल्या धुण्याला उसवतं. बऱ्याच जणींनी हा अनुभव घेऊन ‘हे काही जमायचं नाही’ म्हणून पोतं परत दिलेलं आहे.

यावर उपाय एकच. पट्ट्या एकमेकींना जोडायच्या नाहीत, खाली पाया ठेवून त्या पायावर शिवायच्या. पाया म्हणजे जुन्या धोतराचा किंवा सुती चादरीचा चौकोनी तुकडा. ताण येतो तो पायावर, पट्टीवर नाही. पट्टी तिरकी असो, निमुळती असो, टेरिकॉट असो, पायानं धरून ठेवली की ती हलत नाही.

ही युक्ती अमेरिकेतल्या खेड्यांतही जुनी आहे. तिकडं याला ‘स्ट्रिंग क्विल्ट’ म्हणतात. १९३० च्या दशकात तिथं मोठी मंदी आली, शेतकऱ्याच्या हातात पैसा राहिला नाही, तेव्हा बायका पिठाच्या आणि पेंडीच्या सुती पोत्यांपासून कपडे शिवायच्या आणि उरलेल्या चिंध्यांच्या गोधड्या करायच्या. पायाला कापड नसेल तर वर्तमानपत्राचा कागद घ्यायचा, त्यावर पट्ट्या शिवायच्या आणि शेवटी कागद फाडून काढायचा. आपणही कागदावर करू शकतो, पण मला विचाराल तर नको. शाई कापडाला लागते, कागद काढताना टाके ढिले होतात, आणि पाया राहिला तर गोधडीला जादाचा एक थर फुकटात मिळतो.

आपल्या शेजारचंच उदाहरण हवं असेल तर कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. खाली साडी अंथरायची, कडेपासून तुकडे ठेवत आणि टाके घालत आत मध्यापर्यंत जायचं. चारी कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसतील तर ती कवंदी त्यांच्या लेखी पुरी होत नाही. तिथंही सगळा भार खालच्या साडीवरच.

आधी पोतं सोडा आणि निवडा

कातरण घरी आणली की लगेच मशीनवर बसू नका. निम्मं काम निवडण्यात आहे.

सगळ्यात आधी सुती कुठलं आणि टेरिकॉट कुठलं ते ओळखायला हवं. हाताला कळतं, पण खात्री हवी असेल तर पट्टीचा एक धागा काढा, चिमट्यात धरा, बाकी कापडापासून लांब, पाण्याच्या ताटलीवर काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, मागं भुरभुरीत राख राहते. पॉलिस्टर असेल तर धागा आधी आकसतो, वितळतो आणि शेवटी कडक मणी राहतो. टेरिकॉटमध्ये दोन्ही मिसळलेलं असतं, म्हणून थोडी राख आणि थोडा मणी. लेकरं आसपास असताना हा प्रयोग करू नका, आणि हाताने वितळलेल्या मण्याला लगेच शिवू नका, चटका बसतो.

टेरिकॉट टाकून द्यायची गरज नाही. ती टिकाऊ असते, रंग सोडत नाही. पण दोन जागी ती नको. एक म्हणजे तान्ह्या लेकराच्या दुपट्यात. दुसरं म्हणजे जी गोधडी चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ वापरली जाणार आहे तिच्यात. सुती कापडावर ठिणगी पडली तर भोक पडतं, पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटतं. पाठीच्या बाजूला, म्हणजे जी बाजू अंगाला लागते तिथं, कायम सुतीच ठेवा.

दुसरी परीक्षा रंगाची. लाल, मरून, गडद निळं आणि काळं कापड संशयित समजायचं. पांढरं फडकं ओलं करायचं, त्यावर पट्टी ठेवून गरम इस्त्री दाबायची. फडक्यावर रंग उतरला तर ती पट्टी बाजूला. आमच्या घरी आईनं केलेली पहिली पट्ट्यांची गोधडी याच कारणानं वाया गेली. लाल खणाची पट्टी मधोमध शोभून दिसते म्हणून चोवीसच्या चोवीस चौकोनांत घातली आणि पहिल्या धुण्याला पांढऱ्या धोतराचं गुलाबी झालं. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं आपल्याकडं सर्रास सांगतात. आईनं तेही केलं होतं. त्यावर भरवसा ठेवू नका. जी पट्टी रंग सोडते ती सोडतेच, तिला गोधडीत घ्यायचं नाही.

तिसरी गोष्ट, रुंदी. इथं थोडा हिशोब आहे, पण कामाचा आहे. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडांना पाव-पाव इंच शिलाईत जातं. म्हणजे दोन इंचाची पट्टी वर दीड इंच दिसते, पाव भाग गेला. एक इंचाची पट्टी अर्धा इंचच दिसते, निम्मं कापड शिलाईत गेलं आणि तेवढ्यासाठी दोरा आणि वेळ तिप्पट. म्हणून सव्वा इंचापेक्षा अरुंद पट्ट्या उशीत भरायला ठेवा. दीड ते अडीच इंच रुंदी उत्तम. तीन इंचाच्या वर गेलात तर गोधडीची मजा जाते, ती नुसती ठिगळं लावल्यासारखी दिसते.

पाच बाय सातच्या गोधडीला अर्धा ते पाऊण किलो पट्ट्या पुरतात. टेलरकडून एक किलो मागून घ्या, निवडीत बरंच जातं.

पाया, पट्टी आणि इस्त्री

पूर्ण गोधडी एका वेळी अंगावर घेऊ नका. एक फुटाचे चौकोन करायचे आणि शेवटी ते जोडायचे. चार चौकोन आडवे आणि सहा उभे, असे चोवीस. म्हणजे झाली चार बाय सहा फूट. चारी बाजूंनी सहा-सहा इंचांची साधी किनार लावली की बरोबर पाच बाय सात. किनार न लावता सगळं पट्ट्यांनीच भरायचं ठरवलं तर पस्तीस चौकोन लागतात. पहिल्यांदा करणारीनं चोवीसच धरावेत, नाहीतर वीस झाल्यावर कंटाळा येतो आणि चौकोन पेटीत पडून राहतात. अशा पेट्या मी पाहिल्यात.

जुनं धोतर धुवून, कडक वाळवून, इस्त्री करून घ्या. आधी धुणं महत्त्वाचं. सुती कापड पहिल्या पाण्यात आकसतं, टेरिकॉट आकसत नाही. न धुतलेल्या पायावर टेरिकॉटच्या पट्ट्या शिवल्या तर नंतर धुतल्यावर सगळी गोधडी सुरकुतते. धोतराचे तेरा इंचाचे चौकोन कापा. साडेचार मीटरच्या धोतरात रुंदीला तीन आणि लांबीला तेरा असे एकोणचाळीस चौकोन बसतात. विरलेला, फाटलेला भाग सोडला तरी आपले चोवीस सहज निघतात. नख लावून बघा, नखानं फाटेल इतकं विरलेलं कापड पायाला चालत नाही.

आता एक चौकोन समोर ठेवा. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पेन्सिलनं तिरकी रेघ मारा. ही रेघ साधारण साडेअठरा इंचाची होते, म्हणून मधली पट्टी एकोणीस इंच लांब हवी. ती सुलट बाजू वर करून रेघेवर मधोमध ठेवा. तिच्यावर दुसरी पट्टी सुलट बाजू खाली करून ठेवा, म्हणजे दोन्हींची तोंडं एकमेकींकडं. एका बाजूच्या कडा जुळवा आणि त्या कडेपासून पाव इंच आत सरळ शिलाई मारा. शिलाई तिन्हींतून गेली पाहिजे, दोन पट्ट्या आणि खालचा पाया. मग वरची पट्टी उलटून बाहेर वळवा आणि इस्त्री फिरवा. तिच्यावर तिसरी, परत शिलाई, परत उलटा, परत इस्त्री. कोपरा झाकेपर्यंत असंच. मग चौकोन फिरवून मधल्या पट्टीच्या दुसऱ्या बाजूला हेच.

इस्त्री टाळू नका, हे मी मुद्दाम दोनदा सांगतो. वीज नसली तर नख किंवा चमच्याची पाठ घासून घडी बसवा, पण बसवा. पट्टी नीट न उलटता पुढची शिवली की आत कापडाची घडी राहते, आणि अशा दहा घड्या जमल्या की बारा इंचाचा चौकोन साडेअकरा इंचाचा होतो. मग जोडताना रडारड. टेरिकॉटवर इस्त्री बेताचीच गरम ठेवा, नाहीतर चकाकी येते.

निमुळत्या पट्टीचं काय? लावा तशीच. एका टोकाला रुंद, एका टोकाला अरुंद अशी पट्टी आली की पुढची रेघ जरा कलते. तिच्यापुढची पट्टी उलट्या बाजूनं निमुळती लावली की परत सरळ होते. खरं तर अशा कललेल्या रेघांनीच ही गोधडी जिवंत दिसते. सगळ्या पट्ट्या पट्टीनं आखून एकसारख्या कापल्या तर ती दुकानातल्या चादरीसारखी होते.

चौकोन भरला की उलटा करा. साडेबारा इंचाचा पुठ्ठ्याचा साचा पायावर ठेवून बाहेर आलेली सगळी टोकं कापून टाका. साचा एकच ठेवा आणि चोवीसही चौकोन त्यानंच कापा. टेपनं दर वेळी मोजायला गेलात की एक चौकोन साडेबारा आणि दुसरा बारा, हे ठरलेलं. जोडताना परत पाव-पाव इंच शिलाईत जातं आणि बरोबर बारा राहतात.

नमुना तुमच्या मनावर. पण एक सोपी गोष्ट सांगतो. चोवीसही चौकोनांत मधली तिरकी पट्टी एकाच रंगाची घ्या, पांढरी किंवा खाकी. मग चौकोन मांडताना एकाची तिरकी रेघ उजवीकडं, पुढच्याची डावीकडं, अशी आळीपाळीनं ठेवा. चार चौकोन मिळून मध्ये शंकरपाळ्याचा आकार उठतो. बाकी पट्ट्या कितीही रंगीबेरंगी असू द्या, त्या एका रंगानं सगळं बांधल्यासारखं दिसतं. चार आणि सहा हे आकडे सम असल्यानं शंकरपाळे पूर्ण बसतात, पस्तीस चौकोनांच्या गोधडीत ते कडेला अर्धे राहतात.

मशीन नसेल तरी अडत नाही. हातानं बारीक धावदोरा घालून हेच करता येतं. फक्त दर चार-पाच टाक्यांनी एक उलटा टाका मारा.

थर, धावदोरा आणि गोट

चौकोन जोडून किनार लावली की वरचं कापड तयार. खाली पाठ हवी. लुगड्याची किंवा साडीची रुंदी पाच फूट नसते, त्यामुळं दोन पाट जोडून पाठ करावी लागते. मध्ये एखादा सुती थर. आपल्याकडं थंडी महिना-दीड महिन्याची, पाया आधीच एक थर आहे, म्हणून मध्ये विरलेली एकच सुती साडी पुरे. जास्त भरलंत तर हातात सुई शिरत नाही आणि ओली गोधडी उचलायला दोन माणसं लागतात.

अंगणात किंवा फरशीवर पाठ उलटी अंथरा, चारी कोपऱ्यांवर पाट-वरवंटा काहीही जड ठेवून ताणून घ्या. त्यावर मधला थर, त्यावर पट्ट्यांचं कापड. हातानं मधून कडेकडं सुरकुत्या काढत या. मग वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घालून तिन्ही पक्के धरा. टाचण्या वापरल्या तर सुरुवातीला मोजा आणि शेवटी मोजा. गोधडीत राहिलेली टाचणी रात्री बारा वाजता सापडते.

धावदोरा आमच्याकडं कडेपासून सुरू करून चौकटी-चौकटीनं आत नेतात. या गोधडीत पट्ट्यांच्या शिलाईवर कापड जाड असतं, तिथं सुई अडते, बोट दुखतं. म्हणून टाके शिलाईच्या रेघेवर न घालता तिच्या शेजारून, पट्टीच्या अंगावरून घाला. जिथं चार चौकोनांचे कोपरे भेटतात तिथं तर जाऊच नका, वळसा घाला. दोन ओळींत दोन-तीन बोटांचं अंतर चालेल. जुन्या वाकळीत सुती थर सैल असायचे म्हणून अगदी जवळजवळ टाके घालावे लागायचे, इथं वरचा थर पायाला आधीच शिवलेला आहे. दोरा सुती घ्या, आणि अंगुस्ताना घालायची सवय करा.

शेवटी दोन-अडीच इंचाची सुती पट्टी दुमडून चारी कडांना गोट लावा. गोधडी आधी कडेलाच फाटते, म्हणून गोट टेरिकॉटचा लावला तरी हरकत नाही. तिथं तो उलट चांगलाच.

आता पैशाची गोष्ट

आमच्या शेजारच्या काकूंनी मागच्या हिवाळ्यात अशी एक गोधडी केली. सुंदर झाली होती. शहरातून आलेल्या एका विकत घेणाऱ्यानं हात फिरवून पाहिली आणि म्हणाला, “ताई, कापड तर तुम्हाला फुकट मिळालंय की.” काकू हसल्या आणि आठशे रुपयांत देऊन टाकली. वर चहाही पाजला.

नंतर आम्ही बसून हिशोब मांडला. पट्ट्या निवडून इस्त्री करायला तीन तास. एक चौकोन वीस मिनिटांत धरला तर चोवीस चौकोनांना आठ तास. जोडणी, किनार आणि गोट मिळून पाच तास. हातानं धावदोरा चोवीस तास, तोही रोज दुपारी दोन-दोन तास बसून बारा दिवस. एकूण चाळीस तास. पाठीचं कापड, दोरा, सुया, कातरणीसाठी दिलेले थोडे पैसे आणि मशीनचं तेल असे चारशे रुपये गेले होते. म्हणजे हातात उरले चारशे. चाळीस तासांचे चारशे, तासाला दहा रुपये.

काकू म्हणाल्या, “व्हय की गं बाई, खुरपायला गेले असते तर बरं.” आमच्या घरच्या बायकांनाही ते पटलं, कारण खुरपणीची हजेरी त्यांना पाठ आहे.

हाच हिशोब तुमच्या गावच्या हजेरीनं करा. समजा सहा तासांच्या कामाला तीनशे रुपये मिळतात, म्हणजे तासाला पन्नास. चाळीस तासांचे दोन हजार. वर चारशे सामान. चोवीसशेच्या खाली ही गोधडी दिली तर तुम्ही खुरपणीपेक्षा कमी पैशात बसून काम केलं. कौशल्याचे पैसे तर यात अजून धरलेलेच नाहीत. आणि कापड फुकट म्हणणाऱ्याला सांगा, कातरणीची अख्खी किंमत पन्नास-शंभर रुपये असेल, बाकीचे पैसे कापडाचे नाहीतच.

चोवीसशे रुपये गावात कुणी देणार नाही, हेही खरं. मग काय करायचं? एक वाट म्हणजे धावदोरा मशीनवर मारायचा. चोवीस तासांचे चार-पाच तास होतात आणि चौदाशे-साडेचौदाशेत गोधडी देता येते. हातशिलाईसारखी मऊ पडत नाही, पण रोजच्या वापराला उत्तम. ती मशीनची आहे हे सांगून विका. दुसरी वाट म्हणजे छोट्या वस्तू. नऊ चौकोनांचं तीन बाय तीनचं दुपटं, फक्त सुती पट्ट्यांचं. एका चौकोनाची उशीची खोळ. चार चौकोनांचं बसकर. यांना वेळ कमी आणि घेणाऱ्याचा खिसाही चटकन उघडतो. हातशिलाईची मोठी गोधडी मात्र ऑर्डर घेऊनच करावी, निम्मे पैसे आधी घेऊन. घेणाऱ्याच्या घरातलेच जुने कपडे मागवून, आजीच्या लुगड्याच्या आणि नातवाच्या शर्टाच्या पट्ट्या घालून केली तर लोक भावाला घासाघीस करत नाहीत. हे काम शहरात चांगलं चालतं.

बचत गटात असाल तर उमेद अभियानाच्या तालुका कक्षात विचारा, सरस प्रदर्शनात गटाला जागा मिळते. मशीनसाठी पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आहे, पण एका कुटुंबात एकालाच लाभ. नोंदणी गावातल्या सीएससी केंद्रातून होते. व्हॉट्सअॅपवर ‘मोफत शिलाई मशीन, इथे क्लिक करा’ असा मेसेज आला तर क्लिक करू नका, आधार आणि बँकेचा नंबर तर अजिबात टाकू नका. असे मेसेज आपल्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी फिरतात आणि कुणी ना कुणी फसतं.

किंमत मागायची लाज वाटत असेल तर अमेरिकेतलीच एक गोष्ट ऐका. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं गरीब कृष्णवर्णीयांचं गाव आहे. तिथल्या बायका शेतात वापरून विरलेल्या पँटी आणि चिंध्यांच्या गोधड्या शिवायच्या, घरात वारा येऊ नये म्हणून. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी मिळून गोधड्या विकायची सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या मोठ्या कला संग्रहालयात भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. आणि नाव झाल्यावर पैसे कुणाला किती मिळाले यावरून २००७ मध्ये काही जणींना कोर्टात जावं लागलं. आपल्याकडं संग्रहालय राहू द्या, पण काय दिलं, किती तासांचं होतं आणि किती आले, हे एका वहीत लिहून ठेवायला काय जातं?

धुताना एवढं पाहा

नवी गोधडी पहिल्यांदा एकटीच धुवा, थंड पाण्यात, बाकी कपड्यांबरोबर नको. भिजत घालून रात्रभर ठेवू नका. दगडावर आपटू नका, त्यानं धावदोरा तुटतो. बादलीत दाबून दाबून साबण काढा, पिळू नका, उभी टांगून पाणी निथळू द्या. वाळत घालताना एकाच दोरीवर लोंबती टाकली तर ओल्या वजनानं मधले टाके ओढले जातात. दोन दोऱ्यांवर पसरून टाका, नाहीतर बाजेवर घाला. पाठीची बाजू वर ठेवा म्हणजे उन्हानं पट्ट्यांचा रंग उडत नाही. संध्याकाळी घडी घालण्याआधी चौकोनांच्या जोडावर हात दाबून बघा, जाड शिलाईत ओल राहते. तिथं गार लागलं तर दुसऱ्या दिवशी आणखी एक ऊन द्या, नाहीतर पेटीत ठेवल्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते काही केल्या जात नाहीत.